दस्तगीर साहिब, खानयार: जळालेला दर्गा पुन्हा बांधताना

२५ जून २०१२, सोमवार. श्रीनगरच्या जुन्या शहरातल्या खानयार भागात सकाळीच दस्तगीर साहिबच्या दर्ग्यातून धुराचे लोट निघू लागले. सुमारे दोनशे वर्षांचं देवदाराचं लाकूड, त्यावर पिढ्यानपिढ्या चढलेले रंगाचे आणि वार्निशचे थर, वर नक्काशीचं छत, खाली गालिचे. अशी इमारत पेटली की ती वाचवायला हातात काही मिनिटंच असतात. बंब आले, पाणी मारलं, आसपासची माणसं धावली. पण छप्पर आणि शिखर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आलं. रस्त्यावर बायका ऊर बडवून रडत होत्या. बंब उशिरा आले, त्यांत पुरेसं पाणी नव्हतं, असा आरोप तिथल्या तिथे सुरू झाला. मग दगडफेक, पोलिसांशी झटापटी, बंद, संचारावर निर्बंध असं सगळं ओळीने झालं. घातपातापासून शॉर्टसर्किटपर्यंत सगळे तर्क लढवले गेले आणि सरकारने चौकशी लावली.

त्या राखेत एक गोष्ट शाबूत राहिली. ज्या पवित्र अवशेषांसाठी हा दर्गा बांधला गेला, ते आगीला दाद न देणाऱ्या तिजोरीत होते. त्यामुळे त्या सकाळी खानयारमध्ये एक विचित्र परिस्थिती होती. दर्ग्याचं कारण शिल्लक होतं आणि दर्गा नव्हता.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा काश्मीरच्या राजकारणाच्या चष्म्यातून पाहिलं जातं. मला त्यातला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. जळालेली लाकडी वास्तू पुन्हा उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कशाच्या जोरावर जमतं, आणि जमल्यावरही काय हाती लागत नाही, हे सगळं या एका उदाहरणात दिसतं.

बगदादचे पीर, झेलमच्या काठी

दस्तगीर म्हणजे शेख अब्दुल कादिर जिलानी. ते बगदादचे. ११६६ मध्ये तिथेच वारले आणि त्यांची कबरही तिथेच आहे. काश्मीरमध्ये ते कधी आले नाहीत. तरीही खोऱ्यात त्यांच्या नावाचा दरारा असा, की होडी भोवऱ्यात सापडली किंवा घरात कुणी अडलं-नडलं की तोंडून आपोआप ‘या पीर दस्तगीर’ निघतं. नावाड्यांची तर ही नेहमीची हाक. आणि ही हाक मारणाऱ्यांत काश्मिरी पंडितही असत.

दर्ग्याची कथा अशी सांगतात. १८०२ मध्ये एका अफगाण प्रवाशाने जिलानींचा केस सरदार अब्दुल्ला खान या काश्मीरच्या अफगाण सुभेदाराला दिला. त्याने तो जिलानींपासून चालत आलेल्या कादिरी सूफी परंपरेतले सत्पुरुष सय्यद बुजुर्ग शाह यांच्याकडे ठेवायला दिला. १८०६ मध्ये त्यासाठी दर्गा बांधला गेला. पुढे १८७७ मध्ये ख्वाजा सनाउल्ला शाल यांनी तो वाढवला. ते साल लक्षात घेण्यासारखं आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर काश्मिरी शालीचा युरोपातला बाजार बसला होता आणि १८७७ पासूनच खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. शहर इतकं खचलेलं असताना दर्ग्याचे खण वाढवले जात होते.

आपल्याकडच्या वाचकाला हे पीर परके वाटायला नकोत. महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत ‘ग्यारवी’चा फातिहा होतो तो याच पिरांच्या नावाने. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांच्या अभंगांचा वारकरी मान राखतात, त्यांची गुरुपरंपरा चांद बोधल्यांमार्फत कादिरी सिलसिल्याशी जोडली जाते. परंपरा एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचाही संबंध याच चांद बोधल्यांशी सांगते. खानयार आणि श्रीगोंदा यांच्यामध्ये अंतर बरंच आहे, पण दोघांचं मूळ बगदादच्या एकाच माणसापर्यंत जातं.

दस्तगीर साहिबचा दर्शनी भाग हिरव्या-पांढऱ्या रंगाचा. वर टप्प्याटप्प्याने चढत जाणारं छप्पर, त्यावर शिखर. मिनार आणि घुमटांची सवय असलेल्या डोळ्यांना ही वास्तू पहिल्या नजरेत मशिदीच्या कुळातली वाटतच नाही. खोऱ्यातल्या जुन्या मशिदी आणि दर्गे असेच आहेत: चौरस तळ, देवदाराचे खांब, पिरॅमिडसारखं उतरतं छप्पर. खोऱ्यात घुमट नंतर आला आणि आजही तो उपराच दिसतो.

लाकूड का, आणि लाकूडच का जळतं

काश्मीरमध्ये दगड नाही असं नाही. मार्तंडचं मंदिर आठव्या शतकातलं, दगडी. अवंतिपूरची मंदिरं नवव्या शतकातली, दगडी. तरी पुढच्या काळात खोऱ्याने लाकूड धरलं. त्याची कारणं बरीच आहेत: देवदार मुबलक, तो नदीतून वाहत शहरापर्यंत आणता यायचा, आणि थंडीत लाकडी घर जास्त ऊब धरतं. पण सगळ्यांत मोठं कारण पायाखाली आहे. हा सगळा टापू भूकंपाच्या सर्वांत धोकादायक पट्ट्यात येतो. १८८५ चा भूकंप आणि ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप, दोन्ही वेळा दिसलं ते हेच, की विटांच्या भिंतीत लाकडी पट्ट्या घालून बांधलेली ‘ताक’ पद्धतीची आणि लाकडी चौकटीत विटा-माती भरलेली ‘धज्जी देवारी’ची घरं हलतात, करकरतात, भेगाळतात, पण सहसा एकदम कोसळत नाहीत. भिंतीच्या छोट्या छोट्या तुकड्यांमध्ये धक्का विरून जातो.

जी गोष्ट भूकंपात वाचवते तीच आगीत मारते. हा सौदा काश्मीरने शतकानुशतकं डोळसपणे केला आहे. श्रीनगरच्या जामा मशिदीचं बांधकाम सुलतान सिकंदरने १३९४ मध्ये सुरू केलं आणि ते १४०२ मध्ये पुरं झालं. ती १४७९, १६२० आणि १६७४ अशी तीनदा जळाली. आजच्या मशिदीत देवदाराचे सुमारे ३७० खांब आहेत. औरंगजेबाला तिसऱ्या आगीची खबर मिळाली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो आवारातले चिनार वाचले का असा, अशी गोष्ट सांगतात. मशीद पुन्हा बांधता येईल, चिनार कुठून आणायचे? आपल्या इतिहासात औरंगजेब वेगळ्या कारणांसाठी येतो, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला जरा अवघडच जाते. पण तिच्यामागचा हिशेब पक्का काश्मिरी आहे: इमारत जळणार, हे गृहीतच धरलेलं.

श्रीनगरमध्येच झेलमच्या काठी असलेल्या खानकाह-ए-मौल्ला या सूफी मठ-मशिदीची कहाणी तशीच. सूफी संत मीर सय्यद अली हमदानींच्या स्मरणार्थ १३९५ मध्ये बांधलेली, १४८० मध्ये जळाली, १७३१ मध्ये पुन्हा जळाली, आणि आज दिसते ती १७३०च्या दशकात अबुल बरकत खानाने उभारलेली. (तिच्या नदीकडच्या जोत्यालाच कालीचं स्थान आहे, शेंदूर लावलेलं. दोन्ही भाविक आपापल्या बाजूने येतात.) म्हणजे ‘सहाशे वर्षांची मशीद’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं लाकूड बहुतेक वेळा तीन-साडेतीनशे वर्षांपलीकडचं नसतं. सहाशे वर्षांची असते ती जागा आणि तिथे काय उभं राहायला हवं याची समज.

आग कशी पसरते, हेही जवळून पाहायला हवं. उतरत्या छपराच्या आत मोठा पोकळ माळा असतो. खाली ठिणगी पडली की गरम हवा वर चढते, माळा धुराड्याचं काम करतो आणि ज्वाळा शिखरातून बाहेर पडतात. पूर्वी या छपरांवर भूर्जपत्राचे थर आणि त्यावर माती असे. वसंतात त्या मातीत ट्युलिप आणि आयरिस फुलत. जुन्या छायाचित्रांत शहराची छपरंच बागेसारखी दिसतात. मातीचं छप्पर जड, दर काही वर्षांनी निगा मागणारं, पण बाहेरून उडत आलेल्या ठिणगीला ते दाद देत नाही. त्याच्या जागी पत्रा आला. पत्रा स्वस्त, हलका, बर्फ घसरवून टाकणारा. पत्र्याखाली वर्षानुवर्षं वाळत गेलेलं देवदार मात्र आणखी कोरडं, आणखी पेटाऊ होत जातं. त्यात विसाव्या शतकातल्या विजेच्या तारा, झुंबरं, पंखे, उर्साच्या रोषणाईच्या माळा. हे सगळं मूळ रचनेत नव्हतंच. नंतर जमेल तसं खिळे ठोकून चढवलेलं. थंडीत मशिदींचे हमाम असतात: दगडी फरशीखाली लाकडं पेटवून ती तापवायची आणि वर बसून नमाज पढायची. लाकडी वास्तूच्या पोटात अशी कायमची भट्टी.

आणि पाणी? जुन्या शहरातून नाला मार नावाचा कालवा वाहत होता. १९७०च्या दशकात तो बुजवून रस्ता केला. रस्त्याने मोटारी आल्या, पण गल्लीच्या तोंडाशी असलेलं पाणी गेलं. बंबाला मोकळी वाट आणि भरपूर पाणी, दोन्ही एका ठिकाणी मिळेल असं खानयारसारख्या दाटीत सहसा होत नाही. दस्तगीर साहिबच्या वेळी झालेल्या आरोपांचा निवाडा इथे करायचा नाही. एवढंच म्हणतो, की अशा जागी बंबावर सगळी भिस्त ठेवणं हीच मुळात चूक आहे.

चरार-ए-शरीफचा धडा

खानयारच्या लोकांच्या डोळ्यांसमोर २०१२ मध्ये आणखी एक आग होती. ११ मे १९९५. चरार-ए-शरीफमधला शेख नूरुद्दीन यांचा, म्हणजे नुंद ऋषींचा दर्गा. काश्मिरी संतकवयित्री लल्लेश्वरीच्या परंपरेत ज्यांचं नाव घेतलं जातं, पंडितांनाही जे आपले वाटतात, असे हे संत. मस्त गुलच्या नेतृत्वाखाली अतिरेकी दर्ग्यात घुसले होते, बाहेर लष्कराचा वेढा होता, आठवडेच्या आठवडे ताण होता, आणि शेवटी दर्गा आणि गावातली शेकडो घरं जळाली. आग कुणी लावली यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

दर्गा पुन्हा बांधला गेला. पण नवी वास्तू जुन्याची प्रतिकृती नाही. ती मोठी आहे, प्रशस्त आहे, छपराचा डौल काश्मिरी राखलेला आहे, गर्दी मावते. भाविकांची अडचण होत नाही. तरी जुना दर्गा ज्यांनी पाहिला होता त्यांच्या मनात एक रुखरुख राहिलीच. त्याहून मोठा तोटा असा, की जुन्या चरारच्या सुतारकामाचा पुरावा आता छायाचित्रांपुरता उरला.

असं होण्यामागे केवळ अनास्था नव्हती. जळालेल्या जागी काय बांधायचं, असा प्रश्न येतो तेव्हा काँक्रीटच्या बाजूने बोलणारे नेहमीच जास्त असतात, आणि त्यांचं म्हणणं फोलही नसतं. गर्दी वाढली आहे, बायकांसाठी नीट जागा हवी, पुन्हा जळू नये, आणि देवदार आता पूर्वीसारखा हाताशी नाही. खोऱ्यातल्या कितीतरी छोट्या लाकडी मशिदी आग न लागताच याच युक्तिवादाने पाडल्या गेल्या आहेत. मोहल्ल्याची समिती बसते, वर्गणी गोळा होते, काँक्रीटचा मजला आणि संगमरवरी फरशी येते आणि खोऱ्यातली आणखी एक लाकडी मशीद संपते. आपल्याकडे वाडे आणि गावातली लाकडी मंडपांची देवळं याच वाटेने गेली. ते पाहता काश्मीरकडे बोट दाखवायचा हक्क आपल्याला नाही.

मापं आधी घेतलेली होती

दस्तगीर साहिबच्या बाबतीत निर्णय वेगळा झाला. ओमर अब्दुल्लांच्या सरकारने मूळ स्वरूपातच दर्गा उभारण्याचं जाहीर केलं. घोषणा कुणीही करू शकतो. ती पुरी करता आली याचं कारण आगीच्या आधीचं होतं. इन्टॅक या संस्थेच्या काश्मीर शाखेने दर्गा उभा असतानाच त्याचं तपशीलवार मोजमाप करून आराखडे तयार ठेवले होते. इन्टॅक १९८४ पासून देशभर वारसा जपण्याचं काम करते आणि श्रीनगरच्या जुन्या वास्तूंची मोठी नोंदणी तिच्या इथल्या शाखेने आगीच्या आधीच हाती घेतली होती. २००८ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने श्रीनगरचा वारसा भाग धोक्यातल्या स्थळांच्या यादीत घेतला, त्या सुमाराचं हे वातावरण.

अशा मोजमापात काय काय असतं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते कारकुनी वाटतं. तळाचा नकाशा आणि उभे छेद ही फक्त सुरुवात. लाकडी वास्तूत दोन खांब कधी सारखे नसतात; प्रत्येकाची जाडी, उंची, तो किती कलला आहे, त्याच्या माथ्यावरची कमान कुठे कापली आहे, हे वेगवेगळं टिपावं लागतं. छपराच्या प्रत्येक टप्प्याचा उतार मोजायचा. पिंजराकारीची, म्हणजे जाळीकामाची, एकेक खिडकी घेऊन तिच्या बारीक पट्ट्यांची वीण कागदावर उतरवायची. नक्काशीच्या फलकांवर पातळ कागद लावून फुलं-वेली गिरवून घ्यायच्या, रंगांची नोंद करायची. हे काम करताना कुणाला त्याचं कौतुक नसतं. दर्गा उभा असताना या कागदांचा उपयोग काय, असंच वाटतं.

शनिवारवाड्याकडे पाहिलं की त्याचा उपयोग कळतो. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत वाड्यावरचं लाकडी वैभव गेलं. दगडी जोतं, तट आणि दरवाजे उरले. गणेश महालाची, सात मजली इमारतीची वर्णनं वाचायला मिळतात. त्या वर्णनांवरून वाडा डोळ्यांसमोर आणता येतो, बांधता येत नाही. तुळई किती जाड होती हे बखर सांगत नाही.

छताखाली

आराखडा असला तरी तो वाचणारा सुतार लागतो. इथे श्रीनगरचं नशीब चांगलं. खतमबंदचं काम करणारे कारागीर सफाकदल भागात अजून आहेत, नक्काशी करणारे झडिबलमध्ये. २०२१ मध्ये युनेस्कोने हस्तकलेसाठी श्रीनगरला आपल्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतलं ते याच हातांमुळे.

खतमबंद म्हणजे छताचं भौमितिक लाकूडकाम. लाकडाच्या पातळ फळीचे अष्टकोन, षट्कोन, तारे, चौकटी असे छोटे तुकडे कापतात. त्यांना धरायला दोन्ही अंगांनी खाच पाडलेल्या सडपातळ पट्ट्या असतात. तुकड्याची कड पट्टीच्या खाचेत सरकवायची, तिच्या दुसऱ्या अंगाला पुढचा तुकडा, असं करत छत भरत जायचं. खिळा नाही, सरस नाही. त्यामुळे हिवाळ्यात लाकूड आकसलं, पावसाळी हवेत फुगलं, तरी छत तडकत नाही. तुकडे खाचेत थोडे सरकतात आणि पुन्हा जागेवर येतात. एका नमुन्यात एक जरी तुकडा दोन सूत चुकला तरी चूक पुढच्या प्रत्येक तुकड्यात वाढत जाते आणि भिंतीशी पोचेपर्यंत तारा तिरका झालेला दिसतो. म्हणून अनुभवी कारागीर काम छताच्या मध्यापासून सुरू करून कडेकडे नेतो आणि उरलेली तफावत भिंतीजवळच्या पट्टीत जिरवतो. हे आराखड्यात लिहिलेलं नसतं.

नक्काशीचं काम करणारे बरेचसे कारागीर शिया आहेत. दस्तगीर साहिब हा सुन्नी सूफी परंपरेचा दर्गा. खोऱ्यातल्या कितीतरी सुन्नी दर्ग्यांचं छत शिया हातांनी रंगवलेलं आहे, ही गोष्ट तिथे कुणाला मुद्दाम सांगण्यासारखी वाटत नाही. बाहेरच्याने मात्र ती टिपून ठेवावी, कारण पंथांमधल्या भांडणांच्या बातम्या आपल्यापर्यंत पोचतात; ही बातमी पोचत नाही.

पुढच्या काही वर्षांत दर्गा उभा राहिला. तीच उतरती छपरं, तेच शिखर, दर्शनी भागाचे तेच रंग, आत खतमबंद आणि नक्काशी. भाविक परतले. तिजोरीतले अवशेष पुन्हा आपल्या छताखाली आले.

हा जुनाच का?

जपणूक करणाऱ्यांच्या जगात यावर जुना वाद आहे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेचा कल मूळ साहित्य जपण्याकडे. जे गेलं ते गेलं, त्याची नक्कल करून फसवू नका. ही दृष्टी दगडी वास्तूंच्या युरोपातून आली. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे जो दस्तऐवज झाला त्याने म्हटलं, की अस्सलपणा कशात आहे हे त्या त्या संस्कृतीच्या आतून ठरवावं. साहित्य, रचना, वापर, परंपरा, कारागिरी, भावना, सगळंच तोलावं. इसेचं शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधणाऱ्या देशात हे ठरावं यात नवल नाही. काश्मीर या बाबतीत युरोपापेक्षा जपानच्या जवळ आहे. मार्तंडचं मंदिर दगडाचं, म्हणून ते भग्न अवस्थेत का होईना टिकलं. देवदाराची वास्तू भग्नावशेष म्हणून टिकत नाही. ती पुन्हा बांधली तरच असते.

तरीही ‘जसाच्या तसा’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. गेलेल्या गोष्टी मोठ्या आहेत. १८०६ आणि १८७७ च्या कारागिरांच्या हातांचा पुरावा गेला. रंगाच्या थरांखाली दडलेले जुने थर होते. ते खरवडून तपासले असते तर एकोणिसाव्या शतकातली रंगकला कशी बदलत गेली ते कळलं असतं. आराखड्यात दिसतो तो आगीच्या आधीचा शेवटचा थर. शिवाय लाकडाच्या वर्षावलयांवरून ते कधी तोडलं हे ठरवता येतं. जळालेल्या खांबांबरोबर तीही सोय गेली. पुनर्बांधणी आकार परत देते. काळ परत देत नाही, आणि हे मान्य केल्याने कुठल्याही भाविकाचा अपमान होत नाही.

पाच वर्षांनी, झेलमच्या काठी

१४-१५ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री खानकाह-ए-मौल्लाच्या शिखराला आग लागली. दस्तगीर साहिबच्या आठवणीने अर्धं शहर नदीकाठी धावलं. या वेळी बहुतेक वास्तू वाचली. शिखर आणि त्यावरचा कळस यांचंच नुकसान झालं. अग्निशमन दलाचं आणि मदतीला धावलेल्या लोकांचं श्रेय आहेच, पण एक भौतिक कारणही आहे. आग वरच्या टोकाला लागली होती आणि ती खाली सावकाश उतरते. तीच ठिणगी तळाशी पडली असती तर १७३०च्या दशकातली ही वास्तू आज सांगायला उरली नसती. २०१८ मध्ये इन्टॅकच्या मदतीने शिखर पूर्ववत झालं. इथेही नोंदी आणि कारागीर हाताशी असल्यामुळे काम महिन्यांत झालं, वर्षं लागली नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लडाखमधल्या द्रासच्या जामा मशिदीला आग लागली. तिथे आजूबाजूला असलेल्या लष्कराची मदत घ्यावी लागली. कारगिल-द्रासपासून बाल्टिस्तानपर्यंत, सीमेच्या दोन्ही बाजूंना, अशा लाकडी मशिदी आणि खानकाह कितीतरी आहेत. श्रीनगरसारखं शहर, वास्तुरचनाकार आणि कारागिरांचे मोहल्ले जवळ नसलेल्या या जागा खऱ्या जोखमीच्या. मोठ्या दर्ग्याला आग लागली की मुख्यमंत्री धावतात. डोंगरातल्या गावच्या मशिदीला वर्गणी आणि सिमेंटच मिळतं.

करायचं काय हे कुणाला नव्याने शोधायचं नाही. जुनं वायरिंग काढून नळीतून नेलेलं नवं, भार वाढताच वीज तोडणारी स्विचं, उर्साच्या रोषणाईसाठी वेगळी जोडणी. माळ्यात धूर ओळखणारी यंत्रं, कारण आग तिथे आधी पोचते आणि माणूस सगळ्यांत शेवटी. आवारातच जमिनीखाली पाण्याची टाकी आणि पंप, म्हणजे बंबाची वाट पाहावी लागत नाही. थंडीत पाणी गोठतं, म्हणून इथे पाण्याने भरलेल्या नळ्यांची स्प्रिंकलर योजना तशीच्या तशी उपयोगी नाही. कोरड्या नळ्यांची लागते, आणि ती महाग पडते. हमामची भट्टी लाकडापासून तोडून बाहेर काढायची. या सगळ्याचा खर्च एका दर्ग्याच्या पुनर्बांधणीच्या मानाने फार नाही. अडचण अशी, की पुनर्बांधणीसाठी लोक, सरकार, वक्फ सगळे पैसे देतात. न लागलेल्या आगीसाठी कोणी देत नाही.

मापं घेण्याचंही तसंच आहे. दस्तगीर साहिबने ते काम किती मोलाचं असतं हे दाखवून दिलं, तरी खोऱ्याबाहेरच्या डोंगरी भागात ज्यांचा एकही आराखडा नाही अशा मशिदी उभ्या आहेत. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांचा एक गट, फीत, लेझर मोजणी यंत्र आणि दोन आठवडे, एवढ्यात एका मध्यम मशिदीची नोंद होऊ शकते.

दस्तगीर साहिबबद्दल माझी एकच मागणी आहे, आणि ती छोटी आहे. काश्मीरला जाणारे मराठी पर्यटक दल सरोवर, गुलमर्ग, पहलगाम करून परततात. जुन्या शहरात जे थोडे वळतात त्यांना खानयारचा दर्गा ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून दाखवला जातो. दारावर उर्दू, काश्मिरी, हिंदी आणि इंग्रजीत एक फलक असावा: १८०६ मध्ये बांधला, १८७७ मध्ये वाढवला, २५ जून २०१२ ला जळाला, जुन्या आराखड्यांवरून पुन्हा उभारला. आणि खाली नक्काशी, खतमबंद आणि सुतारकाम करणाऱ्या कारागिरांची नावं.